हा किस्सा कवडू दुर्गे यांचा

मंदाताई दुर्गे यांच्याकडून विनोद ऐकायचा असेल, तर आधी त्याचा पत्ता ऐकून घ्यावा लागे.

"हा किस्सा जनाबाई मेश्राम यांचा," त्या सुरुवात करत. "गोंडपिपरीच्या बसस्टँडमागं त्याईची चायची टपरी आहे. मले त्याईनं सोता सांगतला." मग एक श्वास घेत, चष्मा नाकावर वर ढकलत, आणि मग किस्सा. टपरीवर आलेला एक साहेब म्हणतो, "बाई, मजा आहे तुमची. तुमच्या गावावरून विजेची एवढी मोठी लाइन जाते." जनाबाई म्हणते, "हो जी, रोज जाते. सकारी जाते, दुपारी जाते. येते कधी तेवढं सांगा."

किस्सा संपायला जेवढा वेळ लागे त्याच्या दुप्पट वेळ पत्त्याला लागे. ऊर्जानगरच्या क्वार्टरपासून वीज केंद्राच्या गेटापर्यंत आमची बस जेमतेम पंधरा मिनिटं घ्यायची. त्यातली पाच मिनिटं किस्सा कोणाचा, कोणी ऐकला, कुठं ऐकला यात जायची. मागच्या सीटवरून कोणीतरी ओरडे, "मॅडम, आधार कार्ड दाखवून झालं असंल तं जोक सांगा ना!" बस हसायची. मंदाताई हसत नसत. त्या थांबत, गलका संपू देत, आणि सोडलं होतं तिथून पुढं चालू करत. दुसऱ्या कोणी "एक माणूस होता" असं म्हणून किस्सा सुरू केला की त्यांचा हात वर जाई. "कोनाचा होय हा?" समोरच्याला माहीत नसायचं. कोणाला माहीत असतं? व्हॉट्सअॅपवर आलेला असायचा. मग मंदाताई खिडकीबाहेर पाहू लागत आणि सांगणाऱ्याचा निम्मा उत्साह तिथंच मरे.

मला त्यांचा राग यायचा, हे आधी सांगून टाकते. मी त्यांच्या हाताखाली पाण्याच्या लॅबमध्ये सात वर्षं काढली. माणूस चांगला असून इतका त्रासदायक असू शकतो, हे मला तिथं कळलं.

नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एका बाटलीला चिठ्ठी लावायला विसरले. पाणी कूलिंग टॉवरचं होतं, मीच जाऊन भरून आणलेलं. मंदाताईंनी बाटली उचलली, उजेडात धरली आणि सरळ बेसिनमध्ये ओतून दिली.

"जा. आखीन आन."

"ताई, मला पक्कं माहीत आहे ते कुठलं होतं."

"तुले माहीत आहे. बाटलीले माहीत आहे का?"

मे महिना होता. चंद्रपूरच्या मे महिन्यात टॉवरपर्यंत चालत जाणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच सांगावं. मी पाय आपटत गेले आणि आपटतच परत आले.

मंदाताई बुटक्या होत्या, साडीवर पांढरा ऍप्रन, चालणं मात्र असं की बरोबरीनं जाणाऱ्याला अर्धं धावावं लागे. डब्यात लाखोळीच्या डाळीचे वडे असले की लॅबभर वाटत, आणि वाटतानाही सांगत, "हे माह्या नंदेनं शिकवले." त्यांचे मिस्टर शाळेत शिक्षक होते, शांत माणूस. एकदा आम्ही सगळे त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा ते हळूच म्हणाले, "घरात भांडतानासुद्धा म्हणते, हे वाक्य तुमच्या आईचं आहे, मी फक्त वापरून राह्यली." लग्नानंतर मंदाताईंनी आडनाव बदललं नव्हतं. कोणी विचारलं की म्हणत, "बानं शिकवलं म्हनून सर्टिफिकेटवर ते नाव आलं. खोडू काऊन?"

एक किस्सा तर त्यांनी आम्हाला कधी सांगितलाच नाही. त्यांचा धाकटा भाऊ भामरागडला आश्रमशाळेत नोकरीला होता. एका पावसाळ्यात त्या त्याच्याकडे गेल्या आणि नदीला पूर येऊन रस्ता बंद झाला. चार दिवस अडकल्या. शेजारच्या घरी एक माडिया म्हातारी होती. तिनं गोंडीत एक गोष्ट सांगितली, भावानं ती मराठीत करून दिली, आणि मंदाताई हसून हसून खाटेवरून खाली बसल्या. पाणी ओसरलं तशी पहिली जीप मिळाली, त्या घाईत निघाल्या. अर्ध्या वाटेत आठवलं की म्हातारीचं नाव विचारायचं राहिलं. भावाला निरोप धाडला, तर म्हातारी लेकीकडे दूर कुठंतरी निघून गेलेली, आणि भाऊही त्याच साली बदलून आला.

आम्ही किती मागं लागलो! "ताई, नाव नसलं तर नसलं. भामरागडची एक बाई म्हणा."

"एक बाई म्हंजे कोन? भामरागडात का एकच बाई आहे?"

तो किस्सा त्यांच्याबरोबर गेटातून रोज आत यायचा आणि रोज बाहेर जायचा. आम्ही तो ऐकला नाही. आजही कधी आठवलं की जीव चडफडतो.

सगळ्यात जास्त वेळा त्या सांगत तो किस्सा मात्र त्यांच्या वडिलांचा. कवडू दुर्गे, गोंडपिपरीकडच्या एका खेड्यात पाटलाकडे सालदार म्हणून राबलेले. तो मी त्यांच्याच शब्दांत देते, कारण त्यात एक शब्द इकडचा तिकडे झालेला त्यांना चालत नसे.

"वाघानं एका मानसाची बकरी नेली. मानूस फारेस्टच्या हापिसात गेला. बाबू म्हन्ते, भरपाई पायजे तं साक्षीदार आन. मानूस म्हन्ते, साहेब, म्या पाह्यलं अन् बकरीनं पाह्यलं. तिसरं कोनी नोहोतं. बाबू म्हन्ते, मंग बकरीची सही आन. मानूस म्हन्ते, बकरी तं वाघाच्या पोटात आहे. बाबू म्हन्ते, मंग वाघाले घिऊन ये. मानूस गेला. दुसऱ्या दिवशी एकलाच वापस आला. बाबू म्हन्ते, काऊन, वाघ कुठी आहे? मानूस म्हन्ते, भेटला साहेब. सही करतो म्हन्ला. पन म्हन्ला, आज टाइम नाई, सोमवारी ये."

सांगताना त्या बाबूच्या वाक्याला मान वर करत नसत, जणू फाइलमध्येच बघताहेत. आणि शेवटचं वाक्य इतक्या गरिबीनं म्हणत की ऐकणाऱ्याला हसू यायला एक क्षण उशीर होई.

आता नंदूभाऊंबद्दल सांगायला हवं. नंदूभाऊ स्टोअरमध्ये होते. उमदा माणूस. कोणाच्या घरी मयत झाली तर लाकडं आणण्यापासून सगळं करणार, कोणाचं लग्न असलं तर माइक त्यांच्याच हातात. वसाहतीच्या क्लबात दरवर्षी जानेवारीत एका रविवारी दुपारी कार्यक्रम असे. त्यात नंदूभाऊंचा गावरान विनोदांचा अर्धा तास ठरलेला. लोक त्याच्यासाठी येत. हल्ली त्यांच्या पोरीनं त्यांचे छोटे छोटे व्हिडिओ मोबाइलवर टाकायला सुरुवात केली होती, त्यामुळे त्यांचं नाव बल्लारशाह-राजुऱ्यापर्यंत गेलं होतं.

त्या वर्षी मी आणि मंदाताई तिसऱ्या रांगेत बसलो होतो. नंदूभाऊंनी डोक्याला पंचा बांधला, माइक घेतला आणि म्हणाले, "आपल्या गावाकडचा एक बह्याड मानूस, निरा येडा. वाघानं त्याची बकरी नेली..."

माझ्या शेजारची खुर्ची ताठ झाली.

नंदूभाऊंनी किस्सा पुढं नेला. बाबू म्हणाला, बकरीची सही आण. आणि नंदूभाऊंचा तो गावचा माणूस खरोखरच घरी गेला, दुसरी बकरी पकडली, तिच्या खुराला शाई लावली, आणि तिला ओढत ऑफिसात घेऊन आला. नंदूभाऊंनी बकरी करून दाखवली, शाई लावलेला खूर झटकून दाखवला, "साहेब, ही तिची बहीन आहे, हिची चालंल का?" असं तोंड वेंगाडून विचारलं. हॉल नुसता कोसळला. मीही हसले. हे कबूल केलं पाहिजे, कारण मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा माझे दात दिसत होते.

त्या उठून उभ्या राहिल्या.

"नंदूभाऊ, नाव घ्या."

माइकवरून नंदूभाऊ म्हणाले, "कोनाचं नाव, मॅडम? बकरीचं?"

परत हशा. मंदाताई उभ्याच. "हा किस्सा कवडू दुर्गे यांचा आहे. अन् त्यातला मानूस बह्याड नाई. बह्याड तो बाबू आहे. तुमी उलटा केला."

लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. नंदूभाऊंनी आधीच ठरवून प्रेक्षकांत एक बाई बसवली आहे. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतले एक साहेब मागं वळून म्हणाले, "वा मॅडम, टायमिंग!" मंदाताई काहीतरी आणखी बोलल्या, पण ते टाळ्यांत ऐकू आलं नाही. मग त्या रांगेतून वाट काढत बाहेर गेल्या. लोक पाय आवळून वाट देत होते आणि हसत होते. मी मागोमाग गेले नाही. मधूनच उठून जायचं मला बरं वाटेना.

दुसऱ्या दिवशी नंदूभाऊ स्वतःच लॅबमध्ये आले. मनातून वाईट वाटलेलं दिसत होतं.

"मॅडम, तुमच्या वडिलांचा होय हे मले खरंच माहीत नोहोतं. बसमध्ये कधी आयकला असंल, डोक्यात राह्यला. पन जोक म्हंजे हवा होय, मॅडम. हवेले का मालक राह्यते?"

मंदाताई बाटल्या लावत होत्या. "हवेले नसंल. शिटीले राह्यते. हवा तोंडातून काढून शिटी कोनं वाजवली, ते माहीत राह्यते ना?"

"बरं, चुकलं. पुढच्या टायमाले नाव घीन."

"अन् मानूस बह्याड करू नोका."

"आता पब्लिकले खुराची शाईच आवडते, मॅडम. त्याले मी का करू?" ते हात जोडून गेले. खरंच, त्यांना काही कळेना. मला नंदूभाऊंची थोडी कीवच आली, आणि ते गेल्यावर मी ती बोलूनही दाखवली. "ताई, एवढं काय? लोक हसले. वडिलांचा किस्सा जिवंत राहिला, असं समजा."

मंदाताईंनी हातातली बाटली खाली ठेवली, स्टुलावर बसल्या आणि मला वडिलांबद्दल सांगितलं. सात वर्षांत त्या तेवढंच एकदा बोलल्या.

कवडूबा बांधीत रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू असला की किस्से रचून सांगायचे. बायामाणसं चिखलात वाकलेली, पाठीत कळा निघताहेत, आणि कवडूबा बोलताहेत. पाटील बांधावर छत्री घेऊन उभा असायचा. ऐकायचा, पण हसायचा नाही. मजुरासमोर मालक हसत नसतो. संध्याकाळी चावडीवर तोच किस्सा पाटलाच्या तोंडून निघायचा आणि चार प्रतिष्ठित माणसं मांड्या थोपटायची. दोनचार वर्षांत सगळे किस्से पाटलाचे झाले. बाहेरगावचे लोक म्हणायचे, तुमच्या गावचा पाटील मोठा रंगवून बोलतो. लहानगी मंदा चिडायची. बाप म्हणायचा, "हासले ना लोक, बाई? मंग झालं तं."

"मले वाटे, बाले खरंच काई वाटत नाई," मंदाताई म्हणाल्या.

मग वडील म्हातारे झाले, आजारी पडले, चंद्रपूरला दवाखान्यात ठेवले. कित्येक दिवस तोंडातून शब्द नाही. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला भेटायला कोणी पाहुणा आला होता, तो त्याला रिझवायला गोष्टी सांगत होता. "आमच्याकडं एक पाटील होते," तो म्हणाला, "त्याईचा एक किस्सा आहे, वाघाचा अन् बकरीचा." कवडूबांनी तोंडावरचा दुपट्टा बाजूला केला आणि म्हणाले, "तो माहा होय."

पाहुणा थांबला. "काय म्हन्ते बुढा?"

"अन् मी का केलं माहीत आहे?" मंदाताई मला म्हणाल्या. "मले लाज वाटली. चांगल्या कपड्यातला मानूस होता तो. मी म्हन्लं, काई नाई जी, त्याईले तापात असं होते. अन् बाले म्हन्लं, झोपा तुमी. बानं दुपट्टा वापस तोंडावर घेतला."

तीन दिवसांनी कवडूबा गेले. पुन्हा काही बोलले नाहीत.

मी बाटल्यांच्या चिठ्ठ्या लिहायला घेतल्या.

नंदूभाऊंनी शब्द पाळला, आणि तिथून सगळं आणखीच बिघडलं. पुढचा व्हिडिओ आला तो असा सुरू झाला: "आता आयका आमच्या लॅबच्या दुर्गे मॅडमचा जोक!" आणि मग तोच बह्याड माणूस, तीच शाई, तीच बकरीची बहीण. व्हिडिओ पार कुठल्या कुठं गेला. बसमध्ये लोक मंदाताईंचं अभिनंदन करू लागले. त्या प्रत्येकाला थांबवून सांगत, "माहा नोहे, माह्या बाचा. अन् असा नोहे." लोक म्हणत, "एकच ना मॅडम! बापाचं ते पोरीचं." त्यांनी नंदूभाऊंना फोन केला. नंदूभाऊ वैतागले. "आधी म्हन्लं नाव घ्या, घेतलं. आता बापाचं घ्या म्हन्ता. उद्या आज्याचं म्हनाल. जोक कुठून सुरू करू मंग मी?"

शेवटी त्यांनी चंद्रपूरच्या एका वकिलाची वेळ घेतली. मला बरोबर नेलं. वकील तरुण होता, नीट बोलला. विनोदातल्या कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो, म्हणाला, ती कशी मांडली त्या शब्दांवर असतो. तो हक्क माणूस गेल्यावरही साठ वर्षं वारसांकडे राहतो. स्वतःचं नाव लागावं हाही कर्त्याचा हक्क कायद्यात आहे.

मंदाताई पुढं सरकल्या. "मंग मी वारस आहो."

"आहात. पण तुमच्या वडिलांनी हे कुठं लिहून ठेवलं होतं का?"

"त्याईले लिहिता येत नोहोतं."

"कुठं रेकॉर्डिंग?"

"नाई."

"मग हा किस्सा त्यांनीच पहिल्यांदा रचला हे सिद्ध कसं करायचं? निदान दोन साक्षीदार तरी लागतील. त्या वेळी ऐकलेले."

मंदाताईंचा चेहरा हलायला लागला. मला वाटलं, रडतात की काय. "साहेब," त्या कशाबशा म्हणाल्या, "बकरीची सही चालंल का?"

वकिलाला तो किस्सा अजून नीट सांगितलाच नव्हता. तो बिचारा विचारत राहिला, कोणती बकरी? आम्ही जिना उतरलो तेव्हा मंदाताई कठडा धरून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत हसत होत्या, आणि खाली पोचेपर्यंत त्यातलं हसू कधी संपलं ते मला कळलं नाही.

पण त्या साक्षीदार शोधायला गेल्याच. पुढच्या रविवारी आम्ही दोघी गाडीवरून त्यांच्या गावी. कवडूबांबरोबर राबलेली तीन माणसं उरली होती. पहिले म्हातारे बांधावर तुरी तोडत होते. मंदाताईंनी विचारलं, तसे लगेच म्हणाले, "वाघाचा किस्सा ना? तो पाटलाचा." मंदाताईंनी त्यांना रोवण्याची, चिखलाची आठवण दिली. "हो, तुहा बाप राहे ना आमच्यात. लय हासे तो." दुसऱ्यांना किस्साच आठवेना. त्यांना मंदाताईंच्या आईची फक्त आठवण होती, आणि तिच्या हातच्या अंबाडीच्या भाजीची.

तिसऱ्या सखूबाई. अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली, त्यांना राखत बसल्या होत्या. डोळ्यांना दिसत नव्हतं. मंदाताईंनी "वाघानं एका मानसाची..." एवढंच म्हटलं, तर सखूबाईंनी पुढचा सगळा किस्सा सोमवारपर्यंत म्हणून दाखवला. एक शब्द चुकला नाही.

"कोनाचा होय हा, सखूमाय?"

"कोनाचा म्हंजे? कवड्याचा. माह्या बाजूलेच राहे तो रोव्यात."

मंदाताईंनी कागद काढला. सगळं लिहिलं, वाचून दाखवलं, सखूबाईंचा अंगठा घेतला. शाई पुसता पुसता म्हातारी म्हणाली, "पन आता कायले पायजे तुले हे, बाई? पाटील मेला, कवडू मेला, तो हापिसातला बाबूही मेला असंल."

मंदाताईंनी कागदाची नीट घडी केली. एक साक्षीदार झाला होता. दोन लागत होते. परतताना त्या माझ्या पाठीमागं कागद छातीशी धरून बसल्या होत्या. क्वार्टरपाशी उतरल्यावर म्हणाल्या, "त्या भाऊले तुरी तोडताना पाह्यलं? त्याले खोटं बोलाचं नोहोतं. त्याले खरंच तसंच आठवते." मग पायरी चढून घरात गेल्या.

दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी भाषण केलं आणि शेवटी म्हणाले, आता मॅडमचा तो प्रसिद्ध विनोद होऊन जाऊ द्या. मंदाताईंनी माइक घेतला. "माहा प्रसिद्ध विनोद एकबी नाई," म्हणाल्या, आणि लॅबमधल्या प्रत्येक माणसाचं नाव घेऊन तिनं काय शिकवलं, त्यानं काय शिकवलं, ते सांगत बसल्या. पाऊण तास. लोक घड्याळं बघत होते. माझं नाव आलं तेव्हा म्हणाल्या, "वर्षानं मले मोबाइलवर मराठी टायपिंग शिकवलं." मी ते कधीच विसरून गेले होते.

मग त्या गोंडपिपरीला राहायला गेल्या. फोन होत असत, तेही कमी झाले. गेल्या हिवाळ्यात मी तिकडे एका लग्नाला गेले आणि त्यांना कळवलं, तर बसस्टँडवर सोडायला आल्या. आणखी वाळल्या होत्या, चाल तीच. चंद्रपूरची बस लागायला वेळ होता. फलाटाशी एक फुटाणेवाला टोपली घेऊन उभा होता, तिशीपस्तिशीचा, आणि लागलेल्या दुसऱ्या बसच्या खिडकीखाली उभा राहून प्रवाशांना मोठ्यानं सांगत होता, "घ्या गरम फुटाने, अन् फुकटात आयका दुर्गे मॅडमचा किस्सा! वाघानं एका मानसाची बकरी नेली..."

मी मंदाताईंकडे पाहिलं. त्या पुढं निघाल्याही होत्या. पण मध्येच थांबल्या. कारण फुटाणेवाला शाईकडे वळला नाही. त्याचा माणूस बह्याड नव्हता. त्याचा बाबू मान वर न करता बोलत होता. कुठून, कोणाच्या तोंडून, कसा तो किस्सा सरळ होऊन त्याच्यापर्यंत आला होता, कोण जाणे. तो सोमवारपर्यंत आला आणि थांबला नाही.

"...तं सोमवारी मानूस गेला वाघाकडं. पाह्यते तं काय, गुफेत वाघ नाई. खुर्चीवर नुसतं त्याचं कातडं टांगलेलं. बाहीर कोल्हा बसून आहे. म्हन्ते, साहेब इथंच आहेत, कोट दिसून नाई राह्यला का? चाय प्याले गेले."

मंदाताई हसल्या. तोंडावर पदर जायच्या आत, ठसकाच लागला त्यांना. तो किस्सा दुसऱ्याच्या तोंडून ऐकून त्यांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग पदर खाली घेऊन त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"हे कातड्याचं कोनाचं होय?"

"म्हंजे?"

"हे शेवटचं. कोनी सांगतलं तुले?"

"कोनी नाई जी. मीच लावलं. सोमवारवर सोडलं तं लोकं फुटाने घेत नाईत, पुढं काय झालं विचारतेत."

"नाव काय तुहं?"

"दिलीप मोहुर्ले. काऊन? काई चुकलं का, बाई?"

"चुकलं. दुर्गे मॅडम मी होय. अन् किस्सा माहा नोहे. ध्यानात ठेव: हा किस्सा कवडू दुर्गे यांचा, अन् शेवट दिलीप मोहुर्ले यांचा. म्हन पाहू."

दिलीप मोहुर्ले गोंधळून हसला, टोपली एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतली आणि म्हणाला, "हो जी. म्हनीन."

माझी बस लागली. मी चढले, खिडकीची जागा पकडली. मंदाताई खालून हात हलवत होत्या. बसमध्ये माणसं भरत होती. तेवढ्यात दिलीप टोपली घेऊन माझ्याच खिडकीशी आला, गळा साफ केला आणि ओरडला, "गरम फुटाने! अन् आयका, आपल्या दुर्गे मॅडमचा..."

मंदाताईंनी कपाळावर हात मारून घेतला. बस हलली. मी मान बाहेर काढून पाहत राहिले. त्या त्याच्या समोर जाऊन उभ्या होत्या, एक बोट वर, आणि त्याच्या टोपलीपुढं आलेल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या हातानं थांबवून ठेवलं होतं. बस वळण घेऊ लागली तेव्हा त्यांचा आवाज तेवढा आला.

"नाई. पयलेपासून."